माशाचा सोमवार

प्रत्येक जीव आपलं अन्न कपाळावर लिहूनच जन्माला येतो, आणि ते त्याच्या तोंडापर्यंत पोहोचवण्यासाठी ही अवघी सृष्टी अहोरात्र राबत असते. आमच्या घरी जो जीव होता त्याचं अन्न कपाळावर नव्हे, पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, तेही इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला माझ्या ताईला भिंग लागलं. भिंग सापडलं नसतं तर सृष्टीचं काम बरंच सोपं झालं असतं.

आता पुन्हा श्रावण आला आहे. उज्जैनमध्ये तो आधी फलकांवर येतो. चौकाचौकात हात जोडलेले चेहरे भाविकांचं स्वागत करू लागतात; चेहरे मोठे, देव कोपऱ्यात लहान. माधव नगरातल्या आमच्या गल्लीत मात्र श्रावण स्वयंपाकघरातून येतो. भाजलेल्या दाण्यांचा वास, रात्री भिजवलेला साबुदाणा, दोरीवर न वाळलेल्या टॉवेलांचा कुबट ओलावा. या सगळ्यांत मला आणखी एक वास आठवतो. सुकलेल्या मासळीचा, उग्र, खारट. समुद्र आमच्यापासून फार लांब आहे. घरात समुद्राचा वास यायचा तो फक्त त्या एका पाकिटातून.

इथल्या मराठी घरांची एक गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. शेजाऱ्यांचा सावन पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरवड्याने, अमावास्या झाल्यावर. खरं तर आपण आपलाच पाळावा. पण शेजारची भाभी उपाशी असताना आपल्या खिडकीतून कांदाभज्यांचा वास जाणं बरं दिसत नाही, म्हणून सुरुवात तिच्याबरोबर करायची. तिचा सावन राखीला संपतो. आपला तेव्हा ऐन मध्यावर असतो, म्हणून शेवट आपल्या हिशेबाने करायचा. महाकालाची सवारी, म्हणजे त्याची पालखीसुद्धा, दोन्ही पंचांगं सांभाळून भादोंपर्यंत, म्हणजे आपला श्रावण सरेपर्यंत, दर सोमवारी निघते. अशा रीतीने आमच्याकडे श्रावण दीड महिन्याचा असतो. देवाला त्याचं काही वाटत नाही. एखाद्या माशाला मात्र दीड महिना हा फार मोठा काळ आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या आषाढात माझी मुलगी सई नोकरीसाठी पुण्याला गेली. जाताना तिने पुस्तकं नेली, छोटा कुकर नेला आणि आपला बेट्टा मासा मागे ठेवला. तो तिने देवास गेटजवळच्या एका दुकानातून आणला होता. दुकानदार त्याला फाइटर म्हणायचा. अंग जेमतेम करंगळीएवढं, पण त्याच्याभोवती निळ्या-जांभळ्या परांचा असा काही घोळ, की भर उन्हात शालू नेसून कोणी फिरतंय असं वाटावं. समोर आरसा धरला की गाल फुगवून स्वतःवरच चालून जायचा. सईने त्याचं नाव सरदार ठेवलं. उज्जैनच्या मराठी घरांत प्रत्येकाचा कोणी ना कोणी पूर्वज दरबारात सरदार असतो. आमचे मुदपाकखान्यात डाळ-तांदूळ निवडून घ्यायच्या कामावर होते, एवढंच खात्रीने सांगता येतं. तेव्हा आमच्या कुळातला पहिला सरदार हाच.

"आत्या, याला तू सांभाळ," सई माझ्या ताईला म्हणाली. "बाबांच्या भरवशावर नको सोडू."

"त्याच्या भरवशावर मी तुलाही नव्हतं सोडलं," ताई म्हणाली.

ताई माझ्याहून मोठी. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि आमच्याकडेच राहते. म्हणजे आम्ही तिच्याकडे राहतो असं माझी बायको सुधा म्हणते, आणि ते अधिक बरोबर आहे.

"सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे," सई समजावत होती. "जास्त बिलकुल नाही. आणि आठवड्यातून एक दिवस काहीच द्यायचं नाही. त्याने पोट साफ राहतं."

"म्हणजे उपास करतो?" त्या माशाबद्दल ताईच्या आवाजात पहिल्यांदाच आदर उमटला. "कोणत्या वारी?"

"कोणत्याही, गं."

"सोमवार," ताईने ठरवून टाकलं.

रिक्षात बॅगा चढल्यावर सई परत आत आली, माशाच्या टाकीच्या काचेवर बोट ठेवून उभी राहिली आणि नाक ओढत म्हणाली, "मी दिवाळीत येईन, तोवर राहील ना हा?"

"तू येशील तेव्हा हा असेल," ताई म्हणाली. "मी सांगते."

हे 'मी सांगते' काय असतं ते ज्यांची शाळा तिच्या हाताखाली झाली त्यांनाच विचारावं. एकदा तिने मुलींना सांगितलं होतं की शनिवारी सहल निघेल. शनिवारी बस आलीच नाही. ताईने सगळा वर्ग भर्तृहरीच्या गुंफेपर्यंत चालत नेला आणि चालतच परत आणला. वाटेत पाऊस लागला होता. सहल निघाली होती, मुद्दा एवढाच.

सावन लागायच्या आदल्या दिवशी ताई स्वयंपाकघरातली फळी आवरायला बसली. या दिवशी ती घरातल्या प्रत्येक डब्यामागचा मजकूर वाचते, कारण कांदा-लसूण हल्ली कशातही लपून येतो. बिस्किटं झाली, मसाले झाले, आणि मग माशाच्या खाण्याचं पाकीट तिच्या हाती आलं.

"अवी, यात मासळीची भुकटी आहे. पहिलाच पदार्थ. दुसरा झिंगा."

"असणारच."

"म्हणजे हा मासा मासे खातो?"

"पाण्यात दुसरं काय मिळणार त्याला, ताई? अळूवडी?"

"पाण्यात काय ते त्याचं तो बघेल. माझ्या ओट्यावर दीड महिना हे चालणार नाही."

पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेलं. आणि सरदाराची पर्यायी व्यवस्था राम घाटावरून आली.

शिप्रा नदीवरच्या राम घाटावर माशांना खाऊ घालणं हा जुना आणि सोपा पुण्यमार्ग आहे. बायका पानाच्या द्रोणात कणकेच्या गोळ्या घेऊन बसलेल्या असतात. गोळी पडली की हिरवट पाणी एकदम उकळल्यासारखं होतं, तोंडंच तोंडं वर येतात, आणि टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण जगाचे पोशिंदे असल्याचं समाधान पसरतं. निवडणूक जवळ आली की या समाधानाचे फोटोही निघतात. ताईला फोटोचं वेड नाही. तिने सरळ द्रोण घरी आणला.

"शिप्रेतले मासे बारा महिने हेच खातात. कधी कोणी आजारी पडल्याचं ऐकलंयस?"

"शिप्रेतला मासा आजारी पडला तर ते छापणार कोण?"

"तुला दर गोष्टीत खोट काढायची असते," ताई म्हणाली, आणि गोळीचा कण पाण्यात सोडला.

सरदाराने तो तोंडात घेतला, क्षणभर विचार केला आणि थुंकला. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. "नव्या जावयासारखा लाजतोय," सुधा म्हणाली. आमच्या घरात लाजणाऱ्यावर एकच उपाय आहे, आग्रह. ताई काचेला तोंड लावून 'घे रे, एवढा एक' म्हणू लागली. तो थोडं खाई, मग बरंच खाई. पोट भरलं म्हणून हात राखणारा प्राणी तो नव्हे. समोर येईल ते गिळायचं हाच त्याचा स्वभाव. आणि आग्रह करणाऱ्याला तरी पानातलं संपल्यावर थांबायचं कोणी शिकवलंय?

सोमवारचा प्रश्न वेगळा होता. सईने सांगितलं होतं की एक दिवस काहीच नाही. पण आमच्याकडे 'काहीच नाही' याचा शब्दशः अर्थ कित्येक पिढ्यांत कोणी लावलेला नाही. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या, वर केळ्याची कोशिंबीर, आणि संध्याकाळी जडपणा. उपाशी माणसाची इतकी बडदास्त जेवणाऱ्याचीही होत नाही. तेव्हा माशाला नुसतं उपाशी ठेवणं ताईच्या मनात येणंच शक्य नव्हतं. आणि उपासाला कणीक चालत नाही. म्हणून दर सोमवारी ती शिंगाड्याचं पीठ पाण्यात मळायची आणि मोहरीएवढ्या गोळ्या वळायची, कपाळावर भस्म लावून, गंभीरपणे. टीव्हीवर सवारीचं थेट प्रक्षेपण, झांजा, डमरू, पोलिसांचा बँड. आणि इकडे सरदार शिंगाड्याचा फराळ करतोय. सुधाने एकदा साबुदाण्याचा एक शिजलेला मोतीही टाकला. "मऊ असतो," ती म्हणाली.

परवा नागपंचमीला गल्लीत एक गारुडी आला होता. लोक वाटीत दूध घेऊन आले. साप दूध पीत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत शिकवतात, वर्तमानपत्रात दर वर्षी छापून येतं. तरी वाटी पुढे होते. मी बराच वेळ त्या वाटीकडे पाहत होतो. आपण दुसऱ्याला खाऊ घालतो ते बहुधा त्याची भूक ओळखून नाही. आपल्याला जे पवित्र वाटतं, जे आवडतं, जे परवडतं, ते त्याच्यापुढे ठेवतो आणि त्याने मान डोलवावी अशी वाट पाहतो. सापाला दूध, माशाला कणीक, आणि पुण्याला राहणाऱ्या मुलीला दर पार्सलात लाडू, जे ती ऑफिसात वाटून टाकते.

त्या वर्षी नागपंचमीच्याच सुमाराला सरदार कलला. आधी पोट फुगलं, मग एका अंगावर झुकून तो तळाशी बसू लागला. शालू अंगाला चिकटला. पाणी गढूळ झालं होतं, आंबट वास येत होता. बेट्टाला नुसत्या पाण्यातल्या श्वासावर भागत नाही. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. त्या छोट्याशा टाकीची उंची ती काय, पण तळापासून वर यायला त्याला धडपडावं लागे. वर यायचा, एक बुडबुडा घ्यायचा आणि दगडासारखा खाली जायचा. ताई खुर्ची ओढून समोर बसली होती. ती अशी बसते तेव्हा घरात सगळे हळू चालतात.

संध्याकाळी तिनेच सईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टाकीसमोर धरला.

"काय खायला देताय त्याला?" सईने विचारलं.

"कणीक," ताई म्हणाली. "सोमवारी शिंगाडा."

पडद्यावर सईचा चेहरा एकदम मोठा झाला.

"शिंगाडा?"

"उपासाला कणीक चालत नाही."

"आत्या, अगं तो भातशेतातल्या पाण्यात राहणारा मासा आहे. किडे खातो. डासांच्या अळ्या खातो. पीठ त्याला पचतच नाही. आणि पोट केवढं असतं माहितीय? त्याच्या डोळ्याएवढं."

"आणि भूक?"

"भूक तुझ्या शाळेएवढी. म्हणून तर मोजून द्यायचं."

"आता काय करायचं ते सांग."

"पाणी बदल, थोडं थोडं. आणि दोन-तीन दिवस काही म्हणजे काही देऊ नको. सावरला तर जिवंत अळ्या मिळतात का बघ, नाहीतर पाकिटातले दाणे भिजवून दे." मग सईचा आवाज मऊ झाला. "आणि नाही वाचला तर नाही, आत्या. तू नको परेशान होऊ. मासाच आहे शेवटी."

ताईने फोन बंद केला. "मासाच आहे म्हणजे?" ती मला म्हणाली, जणू ते मीच बोललो होतो. "मी तिला सांगितलं आहे."

त्यानंतर आमच्या घरात गेल्या कित्येक पिढ्यांतला पहिला खरा उपास घडला. सरदार पूर्ण निराहार राहिला. निर्जळी नव्हता, पण तो त्याचा नाइलाज होता. ताई पहाऱ्याला होती. सुधा हातात वाटी घेऊन नुसती त्या बाजूने गेली तरी ताई चष्म्यावरून बघायची. रोज सकाळी ती मगाने जुनं पाणी काढी आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी त्याच मगाने कडेकडेने सोडी, एखाद्या तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं. बाहेर पाऊस लागून राहिला होता. पोट हळूहळू उतरलं. एक दिवस तो तळावरून उठला, वर आला आणि मधल्या पाण्यात थोडा वेळ सरळ उभा राहिला.

"आता खायला हवं त्याला," ताई म्हणाली. आणि मग जरा थांबून, "त्याचं खाणं."

सुधाने हातातलं काम थांबवलं. "ताई, श्रावणात? जिवंत?"

"सुधा, काळभैरवाला कोणी शिंगाडा दाखवत नाही. दारूची बाटली घेऊनच जातात. ज्याचं जे, ते त्याला."

मी पुष्कळ वाचलं आहे, आहारावर आणि अहिंसेवर दोन्ही बाजूंनी; पण उज्जैनमध्ये राहून या मुद्द्याचं खंडन करता येत नाही. सुधाने फक्त एक अट घातली, की गाळणं चहाचं जुनं घ्यायचं आणि ते पुन्हा चहाला वापरायचं नाही.

ताईने गच्चीवर एका जुन्या बादलीत पावसाचं पाणी साठू दिलं, त्यात थोडा पाला टाकला आणि बाकीचं डासांवर सोपवलं. डासांनी निराश केलं नाही. काही दिवसांतच पाण्याच्या पृष्ठभागाला स्वल्पविराम लटकू लागले, हात लावला की वळवळत खाली जाणारे. ताई ते गाळून, नळाच्या पाण्याने धुऊन, एक-दोन करून टाकीत सोडायची. पहिली अळी पाण्यात पडली तेव्हा सरदार कोपऱ्यात होता. आधी त्याचा फक्त डोळा हलला. मग सगळं अंग ताठ झालं, पर उलगडले, आणि तो निघाला. थुंकणं नाही, विचार नाही. माझ्या आयुष्यात मी पंक्ती पुष्कळ पाहिल्या, पण ज्याला नेमकं हवं तेच वाढलं गेलंय असा जेवणारा क्वचितच पाहिला असेल.

"हत्या होतेय खरी," ताई गाळणं झटकत म्हणाली. "पण ती तो करतो. मी फक्त भेट घालून देते."

हे सगळं सुरळीत चालू असताना एक दिवस डासांची तपासणी करणारा माणूस दारात आला. पावसाळ्यात येतातच, कूलर आणि टाक्या बघतात. गच्चीवर जाऊन त्याने टॉर्च बादलीत मारला.

"माताजी, यहाँ तो लार्वा मिला है।"

"मिला नहीं है भैया, पाला है," ताई म्हणाली, गाय पाळल्याचं सांगावं तशा थाटात.

त्याने टॉर्च ताईकडे वळवला. "पाला है?"

"मछली के लिए। बीमारी से उठी है।"

"बाल्टी तो उलटनी पड़ेगी, माताजी। नियम है।"

"नियम है तो उलटो। मैं कहाँ मना कर रही हूँ? पहले मुझे छान लेने दो।"

आणि ती खरोखर खाली बसली आणि चहाच्या गाळण्याने गाळू लागली. तो माणूस छत्री धरून उभा. थोड्या वेळाने त्याच्याच्याने राहवेना. "उधर कोने में, माताजी, दो-तीन रह गए," तो टॉर्च दाखवत म्हणाला. सगळ्या अळ्या वाटीत आल्यावर त्याने बादली उलटली, खाली येऊन आमच्या दारावर खडूने 'निरंक' लिहिलं आणि जाताना टाकीपाशी थांबून वाकून पाहिलं. "यही है?" त्याने विचारलं. एवढ्याशा जिवासाठी एवढा खटाटोप, असं त्याला म्हणायचं असावं. पण ताई शेजारीच उभी होती.

वाटीतल्या अळ्या लवकरच संपल्या, सरदार दोन दिवस उपाशी होता आणि श्रावण शिल्लक होता. तो सोमवार मला स्वच्छ आठवतो. दुपारपासून टीव्हीवर सवारीची गर्दी दिसत होती. पालखी राम घाटावर पोहोचली होती, मंत्र सुरू होते, कॅमेरा भाविकांपेक्षा मान्यवरांवर अधिक वेळ रेंगाळत होता. मला मागून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. पाहतो तर ताई स्टुलावर चढून माळ्यावर हात घालत होती. मी उठलो तर म्हणाली, "तू नको मध्ये येऊ. मी ठेवलंय, मीच काढणार." उपाशीपोटी, त्या वयात, दोन्ही हातांनी तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट खाली आणलं. वाटीत चमचाभर पाणी घेतलं, मोजून दाणे भिजवले, ते मऊ झाल्यावर बोटाच्या टोकावर एक एक घेऊन पाण्याला टेकवू लागली. सरदार वर यायचा, बोटाला नाक लावायचा आणि दाणा उचलायचा. खोलीभर समुद्राचा वास पसरला.

टीव्हीवर जयघोष चालला होता. बँड, घोडे, चोपदार, पुष्पवृष्टी. मी या थाटाची थट्टा करत आलो आहे आणि पुढेही करीन. पण त्या दिवशी मला थट्टा सुचली नाही. नियम मोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांतली बहुतेक स्वतःसाठी मोडतात आणि वर कारण देवाचं सांगतात. ताईने कोणाचंही कारण सांगितलं नाही.

"दार लावून घे," ती मागे न बघता म्हणाली. "भाभीकडे वास जाईल."

मग तिने साबणाने हात धुतले, पुन्हा आंघोळ केली आणि पूजेला बसली. देवाशी तिचं काय बोलणं झालं ते विचारायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवशी पूजा नेहमीपेक्षा लवकर उरकली, एवढं खरं.

त्यानंतर सरदाराला रोज मोजकंच मिळू लागलं, आणि सोमवारी काहीच नाही, शब्दशः. सोमवारी तो काचेला नाक लावून ताईकडे बघत राही आणि ताई खिचडी खाता खाता त्याच्याकडे पाठ करी. गणपती बसले तेव्हा त्याने पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचं घरटं केलं, साबणाच्या फेसासारखं. ते मादीसाठी असतं. मादी नव्हती, पण त्याचा उत्साह त्यावर अवलंबून नसावा. पुढे तो आणखी दीडेक वर्ष जगला आणि एका वैशाखात वय होऊन गेला. बेट्टाचं आयुष्यच तेवढं असतं, त्यात कोणाचा काही दोष नव्हता.

पण मी सांगतोय ते त्याच वर्षीच्या दिवाळीचं. सई सकाळच्या बसने येणार होती. ताईने आदल्या संध्याकाळी टाकीची काच आतून-बाहेरून पुसली, खालचे खडे चोळून धुतले, आणि बल्ब असा वळवला की दारातून आत येताच पर चमकलेले दिसावेत. सकाळी ती चांगली साडी नेसून टाकीशेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसली. पान बराच वेळ उलटलं गेलं नव्हतं. रिक्षा थांबली तेव्हाही तिने मान वर केली नाही.

सई आत आली, बॅग टाकली, आम्हाला वाकून नमस्कार केला, आत्याच्या गळ्यात पडली, आणि तिच्या खांद्यावरून तिला टाकी दिसली.

"अरे, हा अजून आहे!" ती केसांचं रबर सोडत म्हणाली. "आत्या, गीझर चालू आहे का? बसमध्ये इतकी धूळ होती ना."

ताईने वर्तमानपत्राची घडी घातली.

"मासा आहे," ती म्हणाली. "गीझर बंद पडलाय."